दोन शब्दांमधली रिकामी जागा



आपल्या गावाचं नाव लिहिताना आपल्याला एक जास्तीचं काम करावं लागतं, जे आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या माणसाला करावं लागत नाही. आपण 'कारंजा' लिहितो, थोडी जागा सोडतो, कंस उघडतो, 'घाडगे' लिहितो आणि कंस मिटवतो. कारण उघड आहे. तिकडे वाशीम जिल्ह्यात कारंजा (लाड) आहे. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानामुळे ते जास्त लोकांना ठाऊक, आणि नुसतं 'कारंजा' म्हटलं की बाहेरचा माणूस बहुधा तेच समजतो. आपली ओळख कंसात आहे.

आता एस.टी.ची पाटी, बँकेचं पासबुक, तहसीलचा अर्ज, लग्नाची पत्रिका, यांवर हे नाव कसं लिहिलेलं असतं ते आठवा. कुठे कंसाआधी जागा असते, कुठे नसते. कुठे कंसच गायब. कुठे मधे आडवी रेघ. आपण ही सगळी एकच नावं मानतो आणि ते बरोबरच आहे. कॉम्प्युटर मात्र ती चार वेगळी नावं मानतो. खरी गंमत त्याच्याही पुढे आहे. जिथे जागा सोडलेली आपल्याला अगदी सारखी दिसते, तिथेही कॉम्प्युटरच्या पोटात दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. एक साधी जागा. दुसरी 'नॉन-ब्रेकिंग स्पेस', म्हणजे न तुटणारी जागा. आज मला या जागेचा इतिहास सांगायचा आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने यात कशाला पडावं, असं काहींच्या मनात आलं असेल. नसण्याचं शास्त्र आमच्याच दुकानात मिळतं, म्हणून.

'कारंजा (घाडगे)' हे नाव कॉम्प्युटर साठवतो ते चौदा खुणांची एक ओळ म्हणून. क, काना, र, अनुस्वार, ज, काना, या सहा झाल्या. सातवी खूण म्हणजे रिकामी जागा. मग कंस, घ, काना, ड, ग, मात्रा आणि शेवटचा कंस. वैशेषिकांनी जगातले पदार्थ मोजले तेव्हा आधी सहा धरले. पुढच्या आचार्यांनी सातवा घातला, तो अभाव. आपल्या गावाच्या नावातही सातव्या ठिकाणी अभावच बसलाय. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण वैशेषिकांचा मुद्दा कामाचा आहे. 'जमिनीवर घडा नाही' हे ज्ञान म्हणजे 'काहीच नाही' असं ज्ञान नव्हे. अमुक ठिकाणी अमुक वस्तू नाही, असं ते नेमकं ज्ञान असतं. इंजिनियरांनी पुढचं पाऊल टाकलं, त्यांनी या अभावाला क्रमांकच देऊन टाकला. साध्या जागेचा क्रमांक ३२, न तुटणाऱ्या जागेचा १६०. डोळ्याला दोन्ही अभाव सारखेच.

पण शब्दांच्या मधे जागा सोडायची ही कल्पना कॉम्प्युटरची नाही, छापखान्याचीही नाही. आपण बोलतो तेव्हा शब्दांच्या मधे थांबत नाही. कोणाचं भाषण ध्वनिमुद्रित करून त्याची आलेखरेषा बघा. शब्द जिथे संपतो तिथे रेषा तुटलेली बहुधा दिसत नाही. बोलणं प्रवाही असतं. भर्तृहरी तर म्हणायचा की वाक्य अखंडच असतं, पदं ही आपण समजावून देण्यासाठी त्यातून उचलून बाजूला काढतो. याला त्याने 'अपोद्धार' म्हटलं. मग पहिल्यांदा हा अपोद्धार पद्धतशीरपणे केला कोणी? वेदांचा पदपाठ करणाऱ्यांनी. संहितापाठात संधी होऊन सलग वाहणारा मंत्र घ्यायचा आणि एकेक पद सुटं करून म्हणायचं. ही जागा कागदावर नव्हती, तोंडात होती. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे.

आणि या जागेवरून भांडणही तेव्हाच झालं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या एका इंद्रसूक्तात कानाला 'वायो' असे दोन अक्षरांचे ध्वनी येतात. शाकल्याने तिथे जागा सोडली: 'वा' आणि 'यः', म्हणजे 'किंवा' आणि 'जो'. यास्काने निरुक्तात त्याला नाव घेऊन विरोध केला. त्याचं म्हणणं, हा एकच शब्द आहे, 'वायः', पक्ष्याचं पिल्लू. 'जो' असता तर पुढच्या क्रियापदावर वेगळा स्वर पडला असता, तो पडलेला नाही, आणि वाक्याचा अर्थही अर्धवट राहतो. विचार करा, एका रिकाम्या जागेने एक पिल्लू नाहीसं होतं! माझ्या माहितीत आपल्याकडचा हा सर्वांत जुना असा वाद, जो अक्षराबद्दल नव्हता, अक्षरांच्या मधल्या जागेबद्दल होता.

पदपाठाची गरज का पडली, हे महत्त्वाचं आहे. मंत्रांची भाषा बोलण्यातल्या भाषेपासून दूर गेली होती. ज्याच्या तोंडी भाषा असते त्याला जागा लागत नाही. युरोपातही तेच झालं. ग्रीक आणि लॅटिन पोथ्या शतकानुशतकं सलग लिहिल्या जात. शब्द सुटे लिहायची सवय लावली ती सातव्या-आठव्या शतकातल्या आयरिश धर्ममठांनी, कारण आयरिश साधूंना लॅटिन ही परकी भाषा होती. रोमन माणसाला ती अडचण कधी आलीच नव्हती. शब्दांमधली जागा ही दर वेळी भाषा परकी असलेल्या वाचकासाठी सोडलेली आहे, हे सूत्र आज लक्षात ठेवा. पुढे ते कॉम्प्युटरला लागू होणार आहे.

आता आपली मोडी. मोडीत कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचा, लेखणी होईल तितकी कमी उचलत. शब्द कुठे संपला हे दाखवायची रीत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. 'दोनदारेलावली' असं लिहिलेलं असेल तर 'दोन दारे लावली' की 'दोनदा रे लावली'? दारं लावली की कोणाला दोनदा काही लावलं? पेशवाईतल्या कारकुनाला हा प्रश्न पडत नसे. पत्राचा मायना, विषय, माणसं, सगळं त्याच्या डोक्यात असायचं. मारवाडी पेढीवरच्या 'काका अजमेर गये' आणि 'काका आज मर गये' या पत्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. तिथे दोष दुहेरी, मात्रा गाळलेल्या आणि जागाही नाही.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणू नये. मोडी शाळांतून गेली ती १९५०च्या सुमारास. त्यानंतर दोन पिढ्या तिच्यावाचून काढल्या. आणि २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचता येणाऱ्या माणसांना एकदम मागणी आली. जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांचे दाखले, महसुलाची कागदपत्रं, यांतल्या सलग ओळींमध्ये तीन अक्षरांचा एक शब्द शोधायचा. कोणाच्या तरी मुलाचं प्रमाणपत्र त्या शब्दावर अवलंबून. तिथे शोधयंत्र म्हणजे चष्मा लावलेला एक म्हातारा मोडी-वाचक. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली, पण लाखो कागद अजून कागदच आहेत.

छापखान्याने जागेला वस्तूचं रूप दिलं. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी, जावजी दादाजी आले, आणि शब्द सुटे छापणं हीच रीत झाली. कॅरी परदेशी होता, त्याचे वाचकही मराठी शिकणारे साहेब, ही गोष्ट आपल्या सूत्रात बसते. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा असतो, तसा रिकाम्या जागेचाही शिशाचाच तुकडा असतो. फक्त उंचीला कमी, म्हणून त्याला शाई लागत नाही. जुळारी ओळ भरताना याच तुकड्यांची जाडी कमीजास्त करून दोन्ही कडा सारख्या करायचा. आणि जाणता जुळारी काही जोड्या कधी तोडत नसे. 'रा. रा.' एका ओळीत आणि आडनाव दुसरीत, किंवा '१०' या ओळीत आणि 'मण' पुढच्या, असं तो होऊ द्यायचा नाही. न तुटणाऱ्या जागेची विद्या त्याच्या बोटांत होती.

तो गेला आणि त्याची विद्या एका खुणेत भरावी लागली. पडद्यावरची ओळ कुठे तुटेल हे कोणालाच आधी माहीत नसतं. मोबाईलवर एक ठिकाण, लॅपटॉपवर दुसरं. म्हणून यंत्राला सांगावं लागतं की या दोन शब्दांच्या मधे जागा दाखव, पण ओळ इथे तोडू नकोस. पाश्चात्त्य अक्षरांच्या आठ बिटांच्या कोष्टकात या खुणेला १६० हे घर मिळालं. फ्रेंचांना तिची फार गरज, कारण ते उद्गारचिन्हाच्या आधीही जागा सोडतात. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या खुणांनी लिहितात त्या भाषेत, ही खूण अँपरसँड, एन, बी, एस, पी आणि अर्धविराम अशी लिहितात. डीटीपीवाली मुलं तिला नुसतं 'एनबीएसपी' म्हणतात.

इथे एक बारीक गोष्ट, मला स्वतःला फार आवडणारी. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली प्रमाण केली. तिच्यात आपली अक्षरं १६१व्या घरापासून सुरू होतात. पहिला मान चंद्रबिंदूचा. १६०वं घर रिकामं. युनिकोडने देवनागरी घेतली ती इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीचा क्रम जसाच्या तसा ठेवून, म्हणून युनिकोडच्या देवनागरी विभागाचं पहिलं घरही रिकामंच राहिलं, ते २००९ साली भरलं. इंग्रजी कोष्टकात ज्या पाटावर न तुटणारी जागा बसलेली, आपल्या कोष्टकात तो पाट मोकळा होता.

आणि देवनागरीचं तिच्याशी आणखी एक नातं आहे. आपली वेलांटी, मात्रा, अनुस्वार एकट्याने उभे राहू शकत नाहीत, त्यांना खाली अक्षर लागतं. व्याकरणाच्या पुस्तकात नुसती वेलांटी दाखवायची असेल तर कॉम्प्युटर तिच्याबरोबर टिंबांचं एक वर्तुळ काढून ठेवतो. ते नको असेल तर काय करावं? युनिकोडचं सांगणं असं की न तुटणारी जागा टाका आणि वेलांटी तिच्यावर बसवा. म्हणजे अभाव आधार देतो. आमच्या नैयायिकांना हे ऐकवलं असतं तर दोन रात्री वाद चालला असता.

आता शोधयंत्रांकडे येऊ. एचटीएमएलमध्ये तुम्ही साध्या जागा ओळीने दहा टाकल्या तरी ब्राउझर एकच दाखवतो. न तुटणाऱ्या जागा मात्र दहाच्या दहा दाखवतो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात लोकांनी परिच्छेद आत सरकवायला, कोष्टकं ओळीत आणायला, चित्र जरा बाजूला ढकलायला ही खूण मिठासारखी वापरली. शिवाय वर्डमधला मजकूर वेबपानाच्या संपादकात चिकटवला की पुष्कळदा त्या आपोआप घुसतात. मग बोलबाला झाला की अशा पानांना गूगल खाली टाकतं. यात तथ्य नाही. शोधयंत्र पान वाचतं, शब्द सुटे करतं आणि कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची सूची बनवतं, आपल्या पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. शब्द सुटे करताना युनिकोडनेच १६०ला 'रिकामी जागा' या जातीत टाकलेलं आहे. मजकूर प्रमाणित करण्याची युनिकोडची एक रीत तिचं साध्या जागेत रूपांतरही करते. आजची मोठी शोधयंत्रं दोन्हींना जागाच समजतात.

नुकसान आडवाटेने होतं. परिच्छेदातल्या सगळ्याच जागा न तुटणाऱ्या झाल्या तर ओळ मोडायला ठिकाणच राहत नाही आणि मोबाईलवर मजकूर पडद्याबाहेर वाहतो. वाचक वैतागतो, आणि गूगलही आता मोबाईलवरचं पानच मुख्य धरतं. दुसरं, फाइलच्या नावात किंवा दुव्यात ही जागा घुसली तर पत्ताच बदलतो. साधी जागा पत्त्यात एक सांकेतिक तुकडा होते, ही दोन तुकडे होते, आणि पान सापडत नाही.

पण खरं सांगू का, मराठीची शोधाची अडचण एनबीएसपीहून फार मोठी आहे, आणि तीही जागेचीच आहे. हिंदीत 'कारंजा में' असं लिहितात, मधे जागा, 'कारंजा' शाबूत. वर्ध्यात आपण राष्ट्रभाषा प्रचार समितीमुळे १९३६पासून दोन्ही भाषा शेजारी शेजारी बघतोय, तरी हा फरक डोळ्यांत भरत नाही. मराठीत प्रत्यय चिकटतो, आणि चिकटताना शब्दाचं शेपूट बदलतो. 'कारंज्याला', 'कारंज्यातून', आणि आपल्या घरी 'कारंज्याले'. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला यातल्या एकाही रूपात 'कारंजा' सापडत नाही, कारण 'ज'नंतर काना यायचा तिथे हलन्त आणि 'य' आलेत. सामान्यरूप आपण तिसरीत पाठ केलं. यंत्राला ते वेगळं शिकवावं लागतं. थाई किंवा चिनी लोक तर जागाच सोडत नाहीत, त्यांच्यासाठी शब्दकोश लावून शब्द तोडणारे कार्यक्रम लिहावे लागले. आमच्या भाषेत जागा आहे म्हणून काम सोपं, असं समजून मराठीकडे दुर्लक्ष झालं असं माझं मत आहे.

त्यात अदृश्य खुणांची भर. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला र वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण, जिला रुंदीही नाही. कागदावर दोन्ही एक. आत दोन. विदर्भात हा शब्द रोज किती याद्यांमध्ये, किती अर्जांमध्ये टंकला जातो, विचार करा.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. ओळखीतल्या एका मुलीचं नाव एका शिष्यवृत्तीच्या यादीत सापडत नव्हतं. कोणती यादी, कोणतं कार्यालय, ते सोडा. गंमत अशी की छापील यादीत नाव डोळ्यांना दिसत होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, काना-मात्रेसकट. पण ती यादी दुसऱ्या यादीशी एक्सेलमध्ये ताडून बघितली की उत्तर यायचं, नाही. तिथल्या कारकुनाने मन लावून प्रयत्न केला, नाव दोनदा तपासलं, मागेपुढे चुकून राहिलेल्या जागा काढायचं 'ट्रिम' हे सूत्रही लावलं. तरी नाही. तीन आठवडे ती पोर फेऱ्या मारत होती. शेवटी संगणकाच्या एका विद्यार्थ्याने नावातल्या जागा खोडल्या आणि परत टंकल्या. नाव सापडलं. पहिली यादी वेबपानावरून उचललेली होती, आणि नावांच्या मधल्या जागा १६० क्रमांकाच्या होत्या. 'ट्रिम' फक्त ३२ क्रमांकाच्या जागा काढतं. मायक्रोसॉफ्टने ते स्वतःच लिहून ठेवलंय. गूगलसारख्या मोठ्या यंत्राला ही जागा पचते. अडकते ती अशा छोट्या ठिकाणी, जिथे ताडून बघणारं सूत्र भोळं असतं आणि यादीत ज्याचं नाव असतं त्याला फॉर्म्युला म्हणजे काय ते माहीत नसतं. यास्क आणि शाकल्य समोरासमोर वाद तरी घालू शकले. इथे 'नाही' म्हणणारं वाद घालत नाही.

उपाय अवघड नाही. एक्सेलमध्ये 'सबस्टिट्यूट' म्हणून सूत्र आहे. त्यात 'कॅर १६०' शोधायला सांगा, त्याच्या जागी साधी जागा घालायला सांगा, आणि मग 'ट्रिम' लावा. याद्या ताडण्याआधी दोन्हींवर हे करायचं. आपल्या गावाच्या नावाचं म्हणाल तर वेबपानावर कंसाआधी न तुटणारी जागा खुशाल घाला. नाहीतर 'कारंजा' ओळीच्या शेवटी राहतं, '(घाडगे)' खाली उतरतं, आणि घाईतला वाचक वाशीमला पोचतो. याद्यांमध्ये, अर्जांमध्ये, फाइलच्या नावांत मात्र साधी जागा, तीही एकच, आणि ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत सगळ्यांनी एकाच पद्धतीने.

मी इथे थांबतो. संगणक शिकणारी दोन मुलं मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली आहेत. ज्यांनी बचतगटाच्या किंवा शाळेच्या याद्या पेनड्राइव्हवर आणल्या असतील, त्यांनी चहा झाल्यावर त्यांच्याकडे जावं.